कवळीखालचं जस्त

डॉक्टरांनी सासूबाईंच्या तोंडातून खालची कवळी काढली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, उलटी केली आणि हातमोज्यातल्या अंगठ्याने तिच्या पोटातला फिकट गुलाबी लगदा खरवडून माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?" प्रश्न सासूबाईंना होता, पण दात काढून घेतलेल्या माणसाकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही, म्हणून तो आपोआप माझ्याकडे आला. आणि मी तर दीड मिनिटापूर्वीच मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, की कवळी माझ्या हातची आहे, सात वर्षं झाली, एका शब्दाची तक्रार नाही. ते काय आहे हे मला न बघता, नुसत्या वासावरून कळलं. पुदिन्याचा आणि त्याखाली ओल्या चुन्यासारखा वास. कवळी चिकटवायची पेस्ट. आमच्या कवळ्या बनवायच्या कामात ही पेस्ट म्हणजे शिंप्याने बेतलेला अंगरखा गिऱ्हाइकाने टाचण्या लावून घालावा तसं. पेस्टचा थर एवढा जाड होता, की त्यावर डॉक्टरांच्या नखाची पन्हळ उमटली. मी काहीतरी बोलले असणार, कारण डॉक्टरांनी मान हलवली आणि सासूबाईंकडे वळून मोठ्याने विचारलं, "आजी, एक ट्यूब किती दिवस जाते?" सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पाठीच्या कण्याच्या चित्राकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. "दोन महिने?" बोटं तशीच. "दोन आठवडे?" बोटं तशीच. "दोन दिवस?" बोटं हळूच खाली गेली. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सापडलं!" कपाळावरचा चष्मा सापडावा तितक्या आनंदाने म्हणाले. माझ्या कानात मात्र कोणीतरी भांडं आपटल्यासारखा एकच आवाज घुमत राहिला आणि तो थांबेपर्यंत त्यांचं अर्धं बोलून झालं होतं.

आठ महिने आम्ही हेच तर शोधत होतो. आधी सासूबाईंच्या पायांची बोटं गेली, म्हणजे जागच्या जागी होती पण त्यांना ती कळत नव्हती; मग तळवे, मग घोटे. "कापसावरून चालल्यासारखं वाटतंय," त्या म्हणायच्या, "आणि कापूससुद्धा दुसऱ्याच कोणाच्या घरचा." मग भिंत धरून, मग काठी, मग चार पायांचा वॉकर. साखर तपासली, ती ठीक. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, उपयोग शून्य. रक्त मात्र कमी होत चाललं होतं, लाल पेशीही आणि पांढऱ्याही, आणि त्यावरून या मज्जातंतूंच्या डॉक्टरांना कसला तरी संशय आला आणि त्यांनी तांबं आणि झिंक, म्हणजे जस्त, मोजायला सांगितलं. झिंक दुप्पट आलं. तांबं इतकं कमी, की यंत्राने आकडाच दिला नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोन करून दिलगिरी व्यक्त केली, साध्या नळीच्या रबरी बुचातसुद्धा झिंक असतं, ते रक्तात उतरलं असेल, पुन्हा या. पुन्हा गेलो, खास निळ्या झाकणाच्या नळीत रक्त दिलं, आकडे तेच. मग आज डॉक्टरांची उलटतपासणी: झिंकच्या गोळ्या घेता? नाही. पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढवायच्या कारखान्यात कधी काम केलंय? नाही. एखादं नाणं गिळलंय? यावर सासूबाई भडकल्या होत्या, "मी काय गल्ला आहे?" आणि मग डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, दात तुमचेच का?

ते समजावून सांगत होते, कागदावर चित्र काढून. झिंक म्हणजे काही विष नव्हे, ते म्हणाले, ते नसेल तर जखम भरत नाही, तोंडाची चव जाते, केस गळतात, मुलांची वाढ खुंटते. पण सगळ्या शरीरात मिळून लागतं किती, तर दोन-तीन ग्रॅम, एका लहानशा खिळ्याएवढं. या पेस्टमध्ये झिंक असतं, आजी ते रोज गिळत राहिल्या. जास्तीचं झिंक आलं की आतडं त्याला पकडून ठेवायला एक पदार्थ तयार करतं, आणि गंमत अशी (ते खरंच गंमत म्हणाले), की तो पदार्थ झिंकपेक्षा तांब्यालाच जास्त घट्ट पकडतो. मग आतड्याचं अस्तर झडतं तसं तांबंही बाहेर. असं वर्षानुवर्षं. आणि तांब्याशिवाय पाठीच्या कण्यातल्या तारा... त्यांनी कागदावर एक तार काढली आणि पेन्सिलीने ती ठिकठिकाणी खोडली. "पेस्ट आजपासून बंद. तांबं आधी सलाइनमधून, मग गोळ्या. रक्त दोन-तीन महिन्यांत सुधारेल." "आणि पाय?" मी विचारलं. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणखी बिघडणार नाहीत एवढं बघू. काही थोडं परतही येईल. मज्जातंतू आहेत, सांगता येत नाही." सासूबाई सगळं ऐकत होत्या. तोंड मिटलेलं, ओठ आत वळलेले, चेहरा एकदम पिशवीची नाडी ओढल्यासारखा. तशाच बोबड्या तोंडाने त्या म्हणाल्या, "जस्त म्हणजे बादलीला लावतात ते ना? मग मी गंजणार तरी नाही." डॉक्टर हसले. मीही हसले असेन. तोंड कुठे आणि किती ओढावं लागतं हे त्या क्षणी मला आठवत नव्हतं.

टॅक्सीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या आणि मी रस्त्यावरची तोंडं बघत राहिले. सिग्नलला एक माणूस सफरचंद खात होता. पुढच्या दातांनी चावा, मग डावीकडे दाढांखाली, गालाला फुगवटा. मी वीस वर्षं माणसांच्या तोंडांकडे अशीच बघत आले आहे, सुतार जसा दुसऱ्याच्या दारांकडे बघतो. पण घरात माझ्यासमोर रोज दोनदा जेवणारी बाई चावते कशी, हे मी बघितलंच नव्हतं. सफरचंद त्या किसून खायच्या. "किसलेलं पोटाला बरं." शेंगदाण्यांचं कूट. पावाची कड काढून. जेवताना हात नेहमी हनुवटीखाली, मला वाटायचं लकब आहे. लकब कसली, त्या माझी कवळी सांभाळत होत्या. हे सगळं मला टॅक्सीत एकामागून एक दिसायला लागलं, आणि प्रत्येक वेळी जिन्यात नसलेली पायरी उतरल्यासारखं झालं.

मी शिकलेली नाही. म्हणजे दातांच्या लॅबमध्ये मी लागले ती प्लास्टरच्या साच्यांवरची धूळ झटकायला, आणि मास्तरांच्या, म्हणजे मालकांच्या, पाठीमागे उभं राहून हात बघत बघत मेण लावायला शिकले, दात मांडायला शिकले, गुलाबी ॲक्रिलिक शिजवून घासायला शिकले. बारा वर्षांत अशी वेळ आली, की अवघड जबडा आला की मास्तर स्वतःच माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मग एक डिप्लोमावाली आली आणि मुख्य टेबल तिला मिळालं. मास्तर म्हणाले, "हात तुझा चांगला आहे गं, पण भिंतीवर लावायला कागद लागतो." मी घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तीन महिने. नवऱ्याने समजावलं, मग तोही दमला. सासूबाईंनी समजावलं नाही. त्यांचं समजावणं म्हणजे "मेलेली माणसंसुद्धा कधीमधी कूस बदलतात" असं काहीतरी. त्यांच्या जिभेला मी पंचवीस वर्षं सरावले होते. चहा दिला की "पाणी तापवलंस की नुसती धमकी दिलीस?" केर काढला की "काढलास, का त्याला जागा बदलून दिलीस?" माझे केस, माझी चाल, माझं हसणं, माझ्या माहेरच्यांचं हसणं, कशालाच त्यांनी सोडलं नव्हतं. आणि एक दिवस त्या माझ्या पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या, शेवटचे चार दात काढून घेतलेलं तोंड रुमालाने झाकून, आणि म्हणाल्या, "ऊठ. माझी कवळी तू करायचीस. परक्याचा हात मी तोंडात घालून घेणार नाही."

माप घ्यायचं काम दंतवैद्याचं, माझं नव्हे. लॅबमध्ये मी हे कोणालाही खडसावून सांगितलं असतं. पण त्या दिवसांत मला सगळं माझ्याच हातचं हवं होतं, पहिल्या मापापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत. जेवणाच्या टेबलाशी त्यांना बसवलं, माप घ्यायची पावडर पाण्यात कालवली, ट्रे भरून त्यांच्या तोंडात दाबला आणि म्हटलं, "आई, दोन मिनिटं बोलू नका." दोन मिनिटं! वरच्या मजल्यावरच्या बाईने मोरीच्या पाइपावरून घातलेल्या वादाचं त्यांचं वर्णन अर्ध्यावर आलं होतं, ते त्यांनी ट्रेसकट पूर्ण केलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. खालच्या जबड्याच्या मापाची कड एका बाजूला सरकली होती, ती मी प्लास्टरमध्ये अंदाजाने कोरून घेतली, कारण दुसऱ्यांदा माप घेणं म्हणजे पहिलं चुकलं असं म्हणणं. माझी ती कवळी म्हणजे एका चालत्या वाक्याचा साचा होता. पण ती घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाल्या, "छान झालीय." मग खाली फाटकाशी जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठ ताणून दाखवली. "सुनेनं केलीय. डिप्लोमावालीला जमणार नाही." पुढच्या सोमवारी मी लॅबमध्ये परत गेले.

लॅबमध्ये कवळ्या परत येतात, सोबत चिठ्ठी असते. खालची सैल. डावीकडे टोचते. 'स' म्हणताना शिट्टी वाजते. आम्ही चिठ्ठीप्रमाणे घासतो, भरतो, पुन्हा पाठवतो. चिठ्ठी आली नाही, तर काम उत्तम. यावर माझा इतका विश्वास होता, की दात गेल्यावर जबड्याचं हाड साबणाच्या वडीसारखं झिजत जातं, दर दोन-तीन वर्षांनी कवळीला आतून नवा थर द्यावा लागतो, हे परक्यांच्या बाबतीत रोज बोलणारी मी घरात सात वर्षं गप्प राहिले. सगळ्या गोष्टींना नावं ठेवणारी बाई दातांना नावं ठेवत नाही, याचा अर्थ दात निर्दोष, दुसरा काय? दिवस वाईट गेला की मी ते मनात काढून बघायची. चहा पाणचट असेल, केर राहिला असेल, पण दात! जेवणाच्या टेबलापलीकडे ते माझे दात हसताना, टोमणे मारताना, मलाच टोमणे मारताना दिसायचे आणि मला आतून बरं वाटायचं. आता कळत होतं, की ते टोमणेसुद्धा खालचा ओठ दाबून धरून, पेस्टच्या जोरावर मारले जात होते.

घरी आल्यावर मी सासूबाईंना पलंगावर निजवलं आणि त्यांचं कपाट उघडलं. लोकरीच्या मोज्यांच्या खणात मागे एक कापडी पिशवी होती. रिकाम्या ट्यूबा, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेल्या, शेवटचा थेंबही पिळून काढलेला. त्या टाकायच्यासुद्धा कुठे, घरातला कचरा मीच बाहेर नेणार. वर दोन ट्यूबा नव्या, सीलबंद. मी त्या हातात घेऊन जमिनीवर बसले आणि मग एक साधी गोष्ट मला उमगली, इतकी साधी की आधी नुसतीच समोर उभी राहिली, आत शिरली नाही. सासूबाई आठ महिन्यांत एकट्याने जिना उतरल्या नव्हत्या. नवरा दारात आला. त्याने पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा, पन्नाशीतल्या माणसाचा चेहरा, मार खायच्या आधीच्या मुलासारखा झाला.

"तू आणायचास?"

"पाय गेल्यापासून. आधी तीच आणायची."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"ती म्हणाली, सांगशील तर बघ." तो दाराच्या कडीशी खेळत राहिला. "अगं, मला वाटलं, पेस्टच आहे. विष थोडंच आहे!"

विष नव्हतंच. डॉक्टरही तेच म्हणाले होते. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण मी ट्यूबा एकेक करून पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "झोपलेय असं समजून बोलताय की मेलेय असं?"

मी त्यांच्या उशाशी गेले. कवळी बशीत होती. मी म्हटलं, "आई, सैल होती तर सांगायचं नाही? पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांचं!" माझा आवाज चिरकला. त्या छताकडे बघत होत्या. "किती दिवस सैल होती?"

"पहिल्या दिवसापासून."

"आरशासमोर उभ्या होतात तेव्हाही?"

"तेव्हा तर शिंक आली असती तर आरसाच फुटला असता." त्या स्वतःशीच हसल्या, हिरड्या दिसल्या. मग म्हणाल्या, "तू पडली होतीस भिंतीकडे तोंड करून. सैल आहे म्हटलं असतं तर पुन्हा पडली असतीस."

"पण नंतर? नंतर मी कामाला जात होते. सात वर्षं, आई."

"नंतर काय. नंतर तू जेवताना माझ्या तोंडाकडे असं बघायचीस..." त्यांनी बोटांनी हवेत काहीतरी दाखवलं, एखादा दागिना चिमटीत धरल्यासारखं. "आणि बाकी तुझ्यात चांगलं म्हणावं असं होतंच काय? एवढं एक होतं. तेही खोडून काढू?"

मी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला. नेमका राग कशाचा, हे मला कळेना. त्यांनी मला फसवलं होतं. सात वर्षं एक लबाडी जिभेखाली धरली होती, आणि ती थोडी थोडी गिळून आपले पाय घालवले होते, माझं मन राखायला. असलं प्रेम कोणी मागितलं होतं? मला तर ते प्रेम आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या त्या 'छान'ला मी त्यांची एकमेव प्रामाणिक बाजू समजत होते. आता उलटं झालं होतं. पाणचट चहा खराच पाणचट होता, केर खराच राहिलेला होता, टोमणे तेवढे सगळे खरे, आणि ज्या एका शब्दावर मी उभी होते तेवढाच खोटा. मी माझ्या जिभेने माझे स्वतःचे दात मोजले, एकेक, मागून पुढे. सगळे जागेवर होते. पाणी वाहत होतं, ते मला मनगटांपर्यंत गार लागत होतं, आणि पलीकडच्या खोलीत एका बाईला तिची चादर पायांवर आहे की नाही हे कळत नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. या वेळी माप दंतवैद्यांनी घेतलं. नवी कवळी मी केली, पण कशी झालीय हे सासूबाईंना विचारलं नाही. दाब दाखवणारा रंग आतून लावून, दहा-दहा वेळा काढून घालून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि घासलं. सलाइन झालं, गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी रक्त भरलं, झिंक उतरलं, तांब्याचा आकडा यंत्राला वाचता आला. डॉक्टर खूश. "आता पायांवर लक्ष ठेवायचं," ते म्हणाले आणि मला एक छापील कागद दिला, दोन पावलांची बाह्यरेषा काढलेला. रोज संध्याकाळी आजींनी डोळे मिटायचे, मी एकेका जागी बोटाने स्पर्श करायचा, कळलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. "खरं खरं भरा. बधिरपणा वर सरकत असेल तर मला लगेच कळलं पाहिजे, तांबं वाढवावं लागेल. उशीर झाला तर जे वाचलंय तेही जाईल." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, पण आवाज सासूबाईंना ऐकू जाईल एवढा ठेवला.

पहिल्या आठवड्यात अंगठ्यांवर फुल्या होत्या. दुसऱ्यात कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाची पाचही बोटं बरोबर. नवऱ्याने तो कागद फ्रिजवर लावला. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं, मास्तरांनासुद्धा. रोज संध्याकाळी खिडकीतून आडवा उजेड पलंगावर पडायचा, सासूबाई उशीला टेकून डोळे मिटून बसायच्या, मी त्यांची पावलं मांडीवर घ्यायची. "कळतंय?" "हो." "इथे?" "हो, हो." "इथे?" "कळतंय गं बाई, छान कळतंय." तो 'छान' शब्द आला आणि माझं बोट थांबलं. करंगळीपासून इंचभर दूर, हवेत. मी काहीच केलं नाही, बोट तसंच ठेवलं आणि त्याच सुरात, तेवढंच थांबून विचारलं, "आणि इथे?"

"हो," त्या म्हणाल्या.

मी बोट डाव्या पायाकडे नेलं, हवेतच. "इथे?"

"हो. आज तर फारच छान."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे अगदी घट्ट मिटलेले, शाळेत पहिला नंबर काढायचाच अशा हट्टाने. तीन आठवड्यांचे कागद, फ्रिजवरचा तो कागद, डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलेले आकडे, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. "आई," मी म्हटलं, "मी हात लावलेलाच नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मग लाव की," त्या म्हणाल्या. "नुसती बघत काय बसलीयस?"

मी त्यांचं उजवं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. थंड होतं, टाचेला भेगा होत्या, आणि अंगठ्याजवळ एक जुना व्रण होता जो मी बत्तीस वर्षांत कधी नीट पाहिला नव्हता. मी ते धरलं, मग दाबलं, मग नख लागेल इतकं दाबलं. "आता?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "काहीच नाही." आणि मग, डोळे उघडून, माझ्याकडे बघून, "पहिल्या दिवसापासून नाही."

मी उशाशी ठेवलेले कागद ओढले, आदल्या तीन आठवड्यांवर आडव्या रेघा मारल्या आणि आजच्या तारखेसमोर पाचही बोटांवर फुल्या केल्या. पेन्सिल दाबली गेली, कागद फाटला. सासूबाई मान पुढे करून बघत होत्या. "फुलीसुद्धा सरळ काढता येत नाही तुला," त्या म्हणाल्या. मी डावं पाऊल मांडीवर घेतलं.